चंद्रासमोरचा कुत्रा : एका रहस्यकादंबरीची देशोदेशीची मुखपृष्ठं

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. पडद्यावरच्या चित्रांबद्दल जिथे सांगणं गरजेचं होतं, तिथे वक्त्यांनी ते बोलण्यातच सांगितलं आहे.)

मागच्या रांगेतल्यांना पडदा नीट दिसतोय ना? ठीक.

सुरुवातीलाच एक इशारा देतो. आज मी 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' या कादंबरीबद्दल बोलणार आहे आणि तिचा शेवट सांगणार आहे. खुनी कोण, त्याने काय केलं, कसं केलं, सगळं. कादंबरी सव्वाशे वर्षांची होत आली, त्यामुळे मला फार पाप लागेल असं वाटत नाही. पण ज्यांना अजून वाचायची आहे त्यांनी खुशाल बाहेर जाऊन चहा घ्यावा, मी रागावणार नाही.

कोणी उठलं नाही. बरं.

आता एक करा. डोळे मिटा आणि या पुस्तकाचं मुखपृष्ठ आठवा. कुठलंही. तुमच्याकडे असेल ते, दुकानात पाहिलं असेल ते, किंवा पाहिलं नसेल तर कसं असेल ते. बहुतेकांना एकच दिसलं असणार. काळा कुत्रा, त्याच्या मागे मोठा गोल चंद्र. कुत्र्याने मान वर केलेली. कदाचित खाली धुकं, कोपऱ्यात एखादी हवेली. बरोबर? माना हलताहेत. म्हणजे इंग्लंड, जर्मनी, रशिया, जपान कुठेही जा, या पुस्तकाचं एक चित्र आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. हे चित्र कुठून आलं, आणि मुख्य म्हणजे ते कादंबरीशी इमान राखतं का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

मला हा प्रश्न पडला त्याचं कारण घरगुती आहे. मी तेरा-चौदा वर्षांचा असताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून हे पुस्तक घेतलं. मुखपृष्ठावर कुत्रा नव्हताच. चक्क लांडगा होता. लाल डोळे, दातांतून रक्त गळतंय. मी दोन रात्री जागून पुस्तक वाचलं आणि शेवटी मला फसवल्यासारखं वाटलं. भूत कुठे आहे? रक्त कुठे आहे? हा तर कोणीतरी विकत आणलेला कुत्रा! पुष्कळ वर्षांनी पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं, की फसवलं होतं हे खरं, पण कादंबरीने नव्हतं फसवलं.

आता थोडी पार्श्वभूमी, झरझर सांगतो. कॉनन डॉइलने १८९३च्या डिसेंबरात शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलून मारून टाकलं होतं. लोक हळहळले, चिडले. आठ वर्षांनी, ऑगस्ट १९०१पासून, 'स्ट्रँड' मासिकात ही कादंबरी क्रमशः यायला लागली. होम्स जिवंत झाला नव्हता, ही त्याच्या मरणाआधीची गोष्ट होती. पण लोकांना तेवढंही पुरलं. एप्रिल १९०२पर्यंत ती चालली, आणि मार्च १९०२मध्ये जॉर्ज न्यूनेस या प्रकाशकाने ती पुस्तकरूपात आणली.

हे पाहा 'स्ट्रँड'चं मुखपृष्ठ. जॉर्ज हेटे या चित्रकाराने काढलेलं. लंडनचा स्ट्रँड रस्ता, गाड्या, माणसं, आणि वर तारांवर लटकलेली मासिकाच्या नावाची अक्षरं. अंक कुठलाही घ्या, मुखपृष्ठाचा साचा हाच. म्हणजे ज्या वाचकांनी ही कादंबरी सर्वांत आधी वाचली, त्यांना बाहेरून कुत्रा दिसलाच नाही. कुत्रा आत होता, सिडनी पॅजेटच्या चित्रांत. पॅजेटने या कादंबरीसाठी साठ चित्रं काढली. आणि क्रमशः असल्यामुळे प्रत्येक चित्र आपापल्या वेळेला आलं. म्हणजे वाचकाच्या भीतीचा हप्ता ठरलेला होता.

अमेरिकेतली गंमत तर वेगळीच आहे. तिथल्या प्रकाशकाने जाहिरातीसाठी डॉइलचं हस्तलिखितच सुटं केलं आणि त्याची पानं गावोगावच्या पुस्तकांच्या दुकानांत शोकेसमध्ये लावायला पाठवली. आज त्यातली थोडीच शिल्लक आहेत. अकरावं प्रकरण तेवढं सलग, न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. काचेमागे लेखकाच्या हातची पानं टांगायची आणि गिऱ्हाइकाला आत ओढायचं. आपण मुखपृष्ठाकडून ज्या कामाची अपेक्षा करतो ते काम तिथे हस्तलिखिताने केलं, आणि त्यात ते विखुरलं.

आता मूळ चित्राकडे येऊ. हे १९०२चं न्यूनेसचं पुस्तक. लाल कापडी बांधणी. चित्रकार आल्फ्रेड गार्थ जोन्स. सोनेरी चंद्र आणि त्याच्यासमोर काळा कुत्रा, नुसती आकृती. डोळे नाहीत, दात नाहीत, काही नाही.

असं का, तर त्याचं पहिलं कारण तांत्रिक आहे. त्या काळी कापडी बांधणीवर धातूच्या ठशाने चित्र उठवत. एक ठसा सोनेरी वर्खासाठी, एक काळ्या रंगासाठी. त्यात छटा काढता येत नाहीत. रंग सपाट येतो. त्यामुळे धुक्यातून चमकत येणारा कुत्रा दाखवायची सोयच नव्हती. गार्थ जोन्सने काय केलं, तर सगळी चमक चंद्राला दिली आणि कुत्र्याला काळाच ठेवला. अडचणीतून काढलेली वाट आहे ही. पण इतकी सुंदर, की पुढे रंगीत छपाई आली, फोटो आले, संगणक आले, तरी चित्रकार त्याच वाटेने जात राहिले.

आता गंमत ऐका. मी कादंबरी हातात घेऊन चंद्र शोधायला बसलो. चंद्रासमोर उभी असलेली काळी आकृती कादंबरीत खरंच आहे. नवव्या प्रकरणाच्या शेवटी. रात्रीची वेळ. वॉटसन आणि सर हेन्री तुरुंगातून पळालेल्या कैद्याच्या मागावर डार्टमूरच्या माळावर धावताहेत. कैदी निसटतो. आणि तेवढ्यात वॉटसनला खडकाच्या सुळक्यावर, चंद्राच्या बिंबासमोर, एक आकृती दिसते. निश्चल, काळीभोर. पण ती आकृती कुत्र्याची नाही. ती माणसाची आहे. दोन प्रकरणांनंतर आपल्याला कळतं, की तो माणूस म्हणजे स्वतः शेरलॉक होम्स!

लक्षात येतंय का? कादंबरीत चंद्रासमोर गुप्तहेर उभा आहे. मुखपृष्ठावर त्याच जागी कुत्रा आणून उभा केला आहे. कादंबरीतला कुत्रा येतो तो धुक्यातून, जमिनीलगत, पळत. चंद्राखाली ऐटीत उभा राहून तो दर्शन देत नाही. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या डोक्यातलं चित्र हे कादंबरीतलंच आहे, फक्त त्यातलं पात्र बदललेलं आहे.

गार्थ जोन्सला मी दोष देत नाही. उलट मला यात एक अर्थ दिसतो. तोपर्यंत वाचकाला सुळक्यावरच्या त्या माणसाचीही भीतीच वाटत असते. तो कोण हे माहीत नसतं. अंधारात काळा आकार दिसला की माणूस काय आणि जनावर काय, आपण घाबरतोच. पहिल्या मुखपृष्ठाने दोन भीती एकत्र केल्या. त्याने कुत्र्याला दुष्ट म्हटलं नाही, नुसतं उभं केलं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पुढे तो पुसला गेला.

आता नावाकडे वळू. नाव हाही मुखपृष्ठाचाच भाग असतो, पुष्कळदा चित्रापेक्षा मोठा. 'हाउंड' म्हणजे शिकारी कुत्रा. हे वेगवेगळ्या भाषांत कसं गेलं ते पाहा. जर्मनमध्ये 'हुंड', फ्रेंचमध्ये 'शिआं', म्हणजे दोन्हीकडे साधा कुत्रा. शिवाय जुनं जर्मन नाव आहे 'डेर हुंड फॉन बास्करव्हिल', त्यामुळे बास्करव्हिल हे घराण्याऐवजी गावाचं नाव असावं असं वाटतं. जपानीत मात्र घराणं ठसठशीत आहे, 'बास्करव्हिल घराण्याचा कुत्रा'. रशियनमध्ये 'सबाका', आणि सबाका हा शब्द स्त्रीलिंगी आहे! म्हणजे रशियन वाचकाच्या मनात हे जनावर व्याकरणाने तरी बाई आहे.

पण सगळ्यांत मजा केली आहे ती इटालियन आणि स्पॅनिश भाषांतरकारांनी. इटालियन नाव आहे 'इल मास्तीनो', म्हणजे मॅस्टिफ जातीचा राखणदार कुत्रा. स्पॅनिशमध्ये रुळलेलं नाव 'एल साबुएसो', म्हणजे वास काढत जाणारा ब्लडहाउंड. आता डॉइलने काय लिहिलं आहे? शेवटी कुत्रा मरून पडतो तेव्हा वॉटसन बघून सांगतो, की हा शुद्ध ब्लडहाउंड नाही, शुद्ध मॅस्टिफही नाही, दोघांचा संकर दिसतो. एका देशाने अर्धा कुत्रा घेतला, दुसऱ्याने दुसरा अर्धा! आणि याने चित्र बदलतं बरं का. मॅस्टिफ म्हटलं की चित्रकार जबडा काढणार, ब्लडहाउंड म्हटलं की नाक. एक झडप घालणारा, दुसरा माग काढणारा. कादंबरीला दोन्ही हवेत.

मराठीत काय म्हणाल? 'कुत्रा' म्हटलं की आपल्याला गल्लीतला आठवतो. 'शिकारी कुत्रा' म्हटलं की शब्द लांबतो आणि धार जाते. 'श्वान' म्हटलं तर पोलिसांचं श्वानपथक! भाषांतर करणाऱ्याची इथे खरंच कसोटी आहे.

मुखपृष्ठाची आणखी एक पद्धत आहे, ती म्हणजे चित्रच न देण्याची. इटलीत मोंदादोरी या प्रकाशकाने १९२९मध्ये रहस्यकथांची पिवळ्या मुखपृष्ठांची माला काढली. ती इतकी खपली, की इटालियनमध्ये 'जाल्लो', म्हणजे पिवळा, हा रहस्यकथेलाच शब्द होऊन बसला. फ्रान्समध्ये गॅलिमारने १९४५मध्ये काळी माला काढली. आणि इंग्लंडमध्ये १९३५पासून पेंग्विनने रंग वाटून दिले, त्यात हिरवा रहस्यकथेचा. वर हिरवा पट्टा, मध्ये पांढरा, खाली हिरवा, त्यावर नाव आणि लेखक. संपलं. त्याच हिरव्या मालेत तिसाच्या दशकात ही कादंबरीही आली. त्यावर कुत्रा नाही, चंद्र नाही, होम्स नाही.

हे मुखपृष्ठ कंटाळवाणं आहे असं कोणी म्हणेल. मला नाही वाटत. हा रंग वाचकाला एवढंच सांगतो, की आत कोडं आहे, आणि ते न्यायाने सोडवलेलं असेल. भीती तुझी तू आण. डॉइलने कुत्रा पंधरापैकी चौदाव्या प्रकरणापर्यंत दाखवलेला नाही. त्याआधी काय आहे? एक जुनं हस्तलिखित, पायांचे ठसे, माळावरून येणारा आवाज. म्हणजे तेरा प्रकरणं कुत्रा फक्त आपल्या मनात असतो. हिरवं पेंग्विन ते मान्य करतं. चित्राची मुखपृष्ठं ते पहिल्या मिनिटालाच मोडतात.

मग चित्रांच्या मुखपृष्ठांत काय काय दिसतं? ढोबळमानाने तीन घराणी पाडता येतात.

पहिलं घराणं होम्सचं. टोपी, पाइप, लांब नाक. दोन्ही बाजूंनी झडपा असलेली ती हरणांच्या शिकाऱ्याची टोपी डॉइलने त्या नावाने कुठेच लिहिलेली नाही. ती पॅजेटने १८९१मध्ये एका कथेच्या चित्रात दिली आणि नंतर रंगभूमीने आणि सिनेमाने ती डोक्याला चिकटवली. या कादंबरीत होम्स माळावर सापडतो तेव्हा अंगात ट्वीडचा सूट आणि डोक्यावर साधी कापडी टोपी. एखाद्या पर्यटकासारखा दिसतो, असं वॉटसन म्हणतो. पण १९३९मध्ये बॅसिल रॅथबोनचा सिनेमा आला, मग १९५९मध्ये पीटर कुशिंगचा रंगीत सिनेमा आला, अलीकडे बीबीसीची मालिका आली. दर वेळी मुखपृष्ठांवर नवा चेहरा येतो. त्यांचंही चुकत नाही, लोक होम्सलाच विकत घेतात. फक्त एक विसंगती आहे. सहाव्या प्रकरणात होम्स स्टेशनवर निरोप देतो आणि परत भेटतो तो अकराव्याच्या अगदी शेवटी. मधला सगळा भार वॉटसनने उचललेला आहे. एकटा, घाबरलेला, तरी पत्रं लिहिणारा वॉटसन. त्याला एकट्याला मुखपृष्ठावर बसवण्याचं कोणाच्या फारसं मनात येत नाही.

दुसरं घराणं माळाचं. डार्टमूर, ग्रॅनाइटचे सुळके, दलदल, धुकं. मला ही मुखपृष्ठं आवडतात, कारण या कादंबरीत जागा हे पात्र आहे. खुनी शेवटी कुठे जातो? त्याला पोलीस पकडत नाहीत, फाशी होत नाही. दलदल त्याला गिळते. तेही आपण डोळ्यांनी बघत नाही, होम्स आणि वॉटसन तसा निष्कर्ष काढतात.

आणि तिसरं, सर्वांत मोठं घराणं कुत्र्याचं. इथे जरा थांबू या.

रंगीत छपाई स्वस्त झाली, खिशात मावणारी पुस्तकं आली, ती औषधांच्या दुकानांत, रेल्वे स्टेशनांवर उभ्या जाळीत लागायला लागली. तिथे गिऱ्हाईक दोन सेकंद बघणार. मग कुत्रा जवळ आला. आधी चंद्रासमोर लांब उभा होता, आता त्याचा जबडा पानभर झाला. डोळे लाल झाले. दातांना रक्त लागलं. १९८० संपलं तेव्हा डॉइलच्या मृत्यूला पन्नास वर्षं झाली आणि इंग्लंडमध्ये, आपल्याकडेही, हक्क संपले. इंग्लंडमध्ये आणि युरोपात पुढे कायदा बदलून ते काही वर्षं परत लागू झाले, पण आपल्याकडे कोणीही ही कादंबरी छापावी असं झालं. मी जे पुस्तक विकत घेतलं ते याच लाटेतलं. तयार फोटो मिळतो तो लांडग्याचा, चंद्राकडे तोंड करून रडणारा, मग तोच लावला. कादंबरीत आवाज आहे, पण तो सगळ्यात आधी येतो तो भरदिवसा, उन्हात! आणि मला तोच प्रसंग जास्त भीतिदायक वाटतो.

आता दातांबद्दल. मी एक साधी गोष्ट मोजली. या कुत्र्याने कादंबरीत किती माणसं चावून मारली? जुन्या दंतकथेतला ह्यूगो बास्करव्हिल सोडा, ती दंतकथा आहे. चालू गोष्टीत किती? सर चार्ल्स मरतात ते भीतीने, त्यांचं हृदय कमजोर होतं, कुत्रा त्यांना शिवतही नाही. कैदी सेल्डन मरतो तो पळताना कड्यावरून पडून. सर हेन्रीच्या नरड्यापर्यंत कुत्रा पोचतो, पण होम्स गोळ्या घालतो, आणि कॉलर उघडून बघतात तर जखमही नाही. उत्तर शून्य. एकही माणूस नाही. डॉक्टर मॉर्टिमरचं छोटं कुत्रं गेलं बिचारं, तेवढंच.

म्हणजे मुखपृष्ठावर जे रक्त गळतंय ते कोणाचं आहे?

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. या कादंबरीतला गुन्हेगार कोण? स्टेपल्टन. फुलपाखरं पकडणारा, गोड बोलणारा, जाळी घेऊन माळावर बागडणारा निसर्गअभ्यासक. त्याने काय केलं? लंडनच्या एका विक्रेत्याकडून दांडगा कुत्रा विकत घेतला, दलदलीतल्या बेटावर बांधून ठेवला, आणि वेळ आली की त्याच्या तोंडाला चमकणारा लेप लावून सोडला. एका जनावराला रंगवलं आणि त्याचं भूत केलं. त्याचा डाव असा, की मरणाचा दोष कुत्र्यावर जावा, शापावर जावा, घराण्यावर जावा, फक्त जाळी घेतलेल्या माणसावर जाऊ नये.

आता मला सांगा, आपली मुखपृष्ठं काय करतात? एक कुत्रा घेतात. त्याच्या तोंडाला चमक लावतात. आणि आपल्यासमोर सोडतात. स्टेपल्टनचंच काम पुढे चालू आहे! फरक एवढाच, की त्याचा लेप कादंबरीत निळसर चमकतो आणि आपण तो लाल करून टाकला. सव्वाशे वर्षं, कित्येक भाषांत, दुकानादुकानांत त्या कुत्र्यावर खुनाचा आरोप आहे, आणि खुनी कुठेच नाही. त्याची चाल त्याला कादंबरीत साधली नाही, ती मुखपृष्ठांनी साधून दिली.

याला उत्तर आहे, आणि तुम्ही ते द्याल म्हणून मीच देतो. रहस्यकथेच्या मुखपृष्ठावर खुनी दाखवायचा का? फुलपाखराची जाळी काढली तर खेळ खलास. बरोबर आहे. मुखपृष्ठाने वाचकाची दिशाभूल करावी, तो त्याचा हक्क आहे. लेखकही करतोच. पण रहस्यकथेत दिशाभुलीला एक नियम असतो. शेवटी मागे वळून बघितल्यावर वाचकाने म्हणायला हवं, अरे, हे तर माझ्या डोळ्यांसमोर होतं! शेवटचं पान वाचून पुस्तक मिटलं आणि मुखपृष्ठ पुन्हा पाहिलं, तर त्याचा अर्थ बदलायला हवा. १९०२चा तो काळा आकार या परीक्षेत पास होतो. आधी तो भूत वाटतो, शेवटी तो नुसता कुत्रा आहे, आणि चमक त्याची नाही, मागच्या सोन्याची आहे. रक्ताळ जबडा नापास होतो. आधी खोटा, शेवटीही खोटा.

आणि कसं बघायचं हे कादंबरीनेच शिकवलं आहे. तेराव्या प्रकरणात होम्स हवेलीतल्या जुन्या तैलचित्रापुढे उभा राहतो. ह्यूगो बास्करव्हिलचं चित्र. तो खुर्चीवर चढतो, मेणबत्ती धरतो, आणि हाताने चित्रातली मोठी हॅट आणि केसांची झुलपं झाकतो. उरतो नुसता चेहरा. आणि तो चेहरा असतो स्टेपल्टनचा. सजावट झाकली आणि माणूस सापडला. म्हणजे या रहस्याचा मोठा दुवा मिळतो तो चित्र नीट पाहण्यातून. एवढा मोठा प्रसंग असलेल्या पुस्तकाचं चित्र आपण नीट बघू नये?

तुम्ही घरी गेल्यावर हे करून बघा. तुमच्याकडच्या प्रतीवर हात ठेवा. चंद्र झाका, रक्त झाका, मोठी अक्षरं झाका. खाली काय उरतं? काही उरलं तर मुखपृष्ठ चांगलं.

आपल्याकडचं एक उदाहरण देऊन संपवतो. १९६२चा 'बीस साल बाद' आठवतो? हा हिंदी सिनेमा याच कादंबरीवर सैलसर बेतलेला आहे. त्याआधी १९५१मध्ये बंगालीत 'जिघांसा' आला होता. 'बीस साल बाद'मध्ये कुत्र्याची भूमिका कोणाकडे गेली? रात्री माळावर गाणाऱ्या बाईच्या आवाजाकडे. लताबाईंच्या त्या गाण्याला फिल्मफेअर मिळालं. ज्यांनी हे केलं त्यांना कादंबरीतली एक गोष्ट बरोबर कळली होती. भीती जनावरात नाही, ती अंधारातून येणाऱ्या आवाजात आहे, आणि तो आवाज कोणीतरी मुद्दाम लावलेला आहे. कुत्रा पार काढून टाकूनही ते कादंबरीच्या जवळ राहिले. रक्ताळ जबडा लावून आपण दूर गेलो.

प्रश्न असतील तर विचारा.

प्रश्न : पण सर, कुत्रा काढला तर पुस्तक खपेल का? प्रकाशकाने काय करायचं?

उत्तर : रास्त प्रश्न आहे. कुत्रा काढा असं मी म्हणत नाही. नावातच आहे तो, लपवून काय उपयोग? मी म्हणतो त्याला रंगवू नका. आणि आता तर परिस्थिती पहिल्या मुखपृष्ठाला अनुकूल झाली आहे. लोक पुस्तक फोनवर बघून मागवतात, तिथे मुखपृष्ठ टपाल तिकिटाएवढं दिसतं. त्यात दात, लाळ काही कळत नाही. साधा आकारच उठून दिसतो. गार्थ जोन्सचा सपाट कुत्रा तिथेही ओळखू येईल.

प्रश्न : तुम्ही स्वतः मुखपृष्ठ करायचं ठरवलंत तर काय काढाल?

उत्तर : बूट. एकच, जुना, काळा. सर हेन्री लंडनच्या हॉटेलात उतरलेले असताना त्यांचा एक नवा बूट चोरीला जातो, तो परत येतो, आणि मग एक जुना जातो. सगळे हसण्यावारी नेतात. एकच बूट कोण चोरेल? कुत्र्याला वास द्यायला वापरलेला बूट हवा होता, नवा उपयोगाचा नव्हता, हे आपल्याला मागाहून कळतं. शेवटी तो बूट दलदलीत सापडतो. सुरुवातीला बघाल तर त्या चित्राने काहीच कळणार नाही, भीतीही वाटणार नाही. पुस्तक संपल्यावर मात्र त्या बुटाकडे बघवणार नाही.

प्रश्न : कुत्र्याबद्दल तुम्हाला फारच सहानुभूती दिसते.

उत्तर : आहे. त्याला दलदलीत साखळीने बांधून ठेवलं, अंगाला लेप फासून अंधारात सोडलं, पाच गोळ्या घातल्या. वॉटसन मेलेल्या कुत्र्याच्या तोंडाला हात लावतो तेव्हा त्याची स्वतःची बोटं चमकायला लागतात. तिथे पहिल्यांदा कळतं, की ती चमक कुत्र्याची नव्हती. सगळ्या कादंबरीत त्या जनावराला कोणी हात लावून पाहिलं असेल तर ते तेव्हाच. चित्रकाराने निदान तेवढं तरी करावं.